कंबर धरली की पडूनच राहायचं?

"कंबर दुखतेय ना? सतरंजीवर सपाट पडून राहा, नाचबिच विसर!" हा घरगुती सल्ला चुकीचा आहे. १९८६ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत, सात दिवसांऐवजी दोनच दिवस विश्रांती सांगितलेल्यांची कामावरची गैरहजेरी ४५ टक्के कमी भरली. दुखणं तीन महिन्यांहून जुनं असेल तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेची २०१७ची मार्गदर्शिका औषधांआधी व्यायाम, योग, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) सुचवते. नृत्योपचारावरचं संशोधन अजून थोडंच आहे, हे खरं. पण श्वासाकडे लक्ष देत संथ डोलताना 'वाकलो तर मणका सरकेल' ही भीती सैल होऊ शकते, आखडलेले स्नायूही. (लावणीचा ठसका पहिल्याच दिवशी नको!) पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र तडक डॉक्टरांकडे.