टीव्हीवरच्या दृश्यांमुळे फौजा हलतात का?

‘उपाशी मुलांची दृश्यं टीव्हीवर आली, म्हणून १९९२ मध्ये अमेरिकेला सोमालियात उतरावं लागलं,’ असं सर्रास सांगितलं जातं. दोन रकाने आखा: सरकारी निर्णय आणि बातम्या. तारखा लावून पाहा. विमानानं धान्य पाठवण्याची घोषणा ऑगस्टच्या मध्यातली. अमेरिकी वाहिन्यांवर बातम्यांना जोर आला तो त्यानंतर. फौज उतरली डिसेंबरात. कॅमेरा बराचसा सरकारच्या मागून गेला.

उलट तपासणीही करा. १९९४ मध्ये रवांडातली दृश्यं जगानं पाहिली, तरी नरसंहार रोखायला अमेरिकी फौज गेली नाही. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासातले वास्तववादी इथे देशाच्या हितसंबंधांकडे बोट दाखवतात, उदारमतवादी जनमताच्या दबावाला वजन देतात. घटनेला कोणता अर्थ दिला जातो हे पाहणाऱ्या रचनावाद्यांचा प्रश्न जास्त कामाचा: संकट दुष्काळ म्हणून दाखवलं की यादवी म्हणून? दृश्यांचा परिणाम होतोच, पण धोरण डळमळीत असेल तेव्हा जास्त.