धमनी की शीर? ऑक्सिजन नका बघू, दिशा बघा

शाळेत रक्ताभिसरण शिकताना एक वाक्य जवळपास सगळेच पाठ करतात, धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध रक्त. बहुतेक ठिकाणी ते चालून जातं, पण फुप्फुसांपाशी आलं की बरोब्बर उलटं होतं आणि मुलं म्हणतात हे काय आता नवीन. नवीन काहीच नाही, व्याख्याच चुकीच्या टोकाने धरलेली असते. जी रक्तवाहिनी हृदयापासून रक्त बाहेर नेते ती धमनी, आणि जी हृदयाकडे रक्त परत आणते ती शीर. आत ऑक्सिजन किती आहे याचा नाव ठरवण्याशी संबंधच नाही.

आता फुप्फुसांचं बघा. हृदयाच्या उजव्या बाजूतून कमी ऑक्सिजनवालं रक्त फुप्फुसांकडे जातं, म्हणजे हृदयापासून लांब चाललंय, म्हणून ती फुप्फुस धमनी. तिथे ऑक्सिजन भरून घेऊन ते रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला परत येतं, म्हणून त्या फुप्फुस शिरा, साधारणपणे 4 असतात. आकृतीत इथे धमनी निळी आणि शीर लाल दाखवलेली दिसली तर प्रिंटिंगची चूक नाहीये ती. आणि हो, ते 'अशुद्ध' रक्त घाण वगैरे अजिबात नसतं, आपण शांत बसलेलो असताना शिरांमधून परत येणाऱ्या रक्तात सुद्धा जवळपास तीन चतुर्थांश ऑक्सिजन शिल्लकच असतो.

निळं तर ते कधीच नसतं. कमी ऑक्सिजनवालं रक्त गडद, मरून रंगाचं असतं आणि भरपूर ऑक्सिजनवालं चकचकीत लाल. हातावरच्या शिरा निळसर दिसतात कारण प्रकाश त्वचेतून आत जाऊन परत येताना त्यातला लाल भाग तिथे जास्त शोषला जातो, बाकी काही नाही.

दिशा एकदा लक्षात आली की उरलेले फरक वेगळे पाठ करायची गरज पडत नाही, कारण ते सगळे दाबामुळे झालेत. हृदय आकुंचन पावतं तेव्हा रक्त जोरात धमन्यांत घुसतं, डॉक्टर बीपी 120/80 म्हणतात तो धमनीतलाच दाब, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेला. हा धक्का मिनिटाला 70 एक वेळा सोसायचा म्हणजे भिंत जाड, स्नायूंची आणि लवचिक हवीच. पुढे रक्त बारीक बारीक वाहिन्यांतून केशवाहिन्यांत जातं आणि शिरांत पोचेपर्यंत दाब इतका उतरतो की हृदयाजवळच्या मोठ्या शिरांमध्ये तो जेमतेम शून्याच्या आसपास उरतो. मग शिरेला जाड भिंत हवी कशाला? ती पातळ आणि ढिली असते, रिकामी झाली की पिशवीसारखी चपटी होते, धमनी मात्र कापली तरी गोलच दिसते. ढिलं असण्याचा फायदाही आहे, कुठल्याही क्षणी शरीरातलं साधारण दोन तृतीयांश रक्त शिरांमध्येच असतं.

हे स्वतःच्या हातावर बघता येतं. हात थोडा वेळ खाली लोंबू द्या, मागच्या बाजूच्या शिरा फुगतील, मग तोच हात डोक्याच्या वर धरा, त्या बसून जातील. आता मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा (अंगठ्याने बघू नका, त्याचे स्वतःचे ठोके लागतात), नाडी लागेल, ती धमनी, आणि हात वर असो की खाली, ती चालूच राहते.

पण दाबच नाही तर पायातलं रक्त वर चढतं कसं? पोटरीचे स्नायू चालताना शिरांना दाबतात, रक्त वर सरकतं आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांत एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात. विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरने 1628 साली छापलेल्या पुस्तकात हेच दाखवलं होतं, दंडाला पट्टी बांधली, शीर फुगली, एक बोट तिच्यावर दाबून ठेवलं आणि दुसऱ्या बोटाने रक्त वरच्या झडपेपलीकडे ढकललं, तर मधला तुकडा रिकामाच राहिला, वरचं रक्त खाली येईना. बोट उचललं की खालून लगेच भरला. म्हणजे शिरेतलं रक्त हृदयाकडेच जातं हे सिद्ध. धमनी आणि शीर जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र हार्वीला दिसल्याच नाहीत, त्या माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसात मायक्रोस्कोपखाली पाहिल्या, तोपर्यंत हार्वी जाऊन 4 वर्षं झाली होती. (धमन्यांत मात्र अशा झडपा नसतात, फक्त हृदयातून मोठ्या धमन्या निघतात त्या तोंडाशी असतात.)

ब्लड टेस्टच्या वेळी दंडाला पट्टी बांधतात ती पण हीच गंमत. पट्टी एवढीच घट्ट असते की शीर दबते पण आतली धमनी दबत नाही, रक्त हातात येत राहतं आणि परत जाता येत नाही, म्हणून शीर टरारून वर येते. रक्त शिरेतूनच घेतात कारण ती त्वचेच्या जवळ असते आणि दाब कमी असल्याने सुई काढल्यावर थोडा वेळ कापूस दाबला की भागतं. रक्तातले वायू तपासायचे असतील तर मनगटाच्या धमनीतून रक्त घ्यावं लागतं, ते जास्त दुखतं आणि नंतर ती जागा चांगली 5 मिनिटं तरी दाबून धरावी लागते.

जखमेतही फरक कळतो. धमनी कापली तर लालभडक रक्त ठोक्यागणिक उडतं, शीर कापली तर गडद रक्त एकसारखं वाहतं. पण समोर कोणी जखमी असेल तर हे ओळखत बसू नका, दोन्हीत पहिलं काम एकच, स्वच्छ कापड ठेवून जोरात दाबून धरायचं आणि मदत बोलवायची.