डावीकडे पाहणारी आणि उजवीकडे पाहणारी: रशियन चांदीच्या चमच्यांचा काळ ठरवणाऱ्या दोन मुद्रा

जुन्या रशियन चमच्याच्या दांड्यामागे इवलीशी स्त्रीमुद्रा आणि तिच्याशेजारी ८४ हा आकडा दिसला, की चमचा ‘झारच्या काळातला, एकोणिसाव्या शतकातला’ असल्याचे ठामपणे सांगितले जाते. विकणारे सांगतात, संग्राहक एकमेकांना सांगतात आणि वारशाने असे चमचे मिळालेली घरेही तेच पुढे सांगत राहतात. ही स्त्रीमुद्रा मुळात वापरात आली ती एकोणिसावे शतक संपता संपता, १८९९ साली. आणि एका बदलासह ती १९२७ पर्यंत, म्हणजे झारशाही संपल्यानंतरही दहा वर्षे, चांदीवर उमटत राहिली. तो एक बदल कोणता, हे नीट समजून न घेतल्यामुळेच बहुतेक सगळा घोटाळा होतो.

आधी ८४ चा निकाल लावून टाकतो. हे साल नव्हे आणि टक्केही नव्हेत. रशियन पौंडाचे ९६ भाग असत, त्या भागाला झोलोत्निक म्हणत, आणि ९६ पैकी ८४ भाग शुद्ध चांदी असा त्या आकड्याचा अर्थ आहे. आपल्या हिशेबाने तो हजारात ८७५ भरतो, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टंच. ८८ आणि ९१ हे आकडेही याच मापातले आणि अधिक कसाचे आहेत. आजच्या ९२५ च्या सवयीमुळे ८४ पाहून ‘हलकी चांदी’ म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्या देशात हाच नेहमीचा आणि प्रतिष्ठेचा कस होता.

१८९९ पूर्वीच्या छापांविषयी फार लिहीत नाही, कारण ते बहुतेकांना वाचता येतात. सेंट पीटर्सबर्गचे जहाजाचे आडवे-तिडवे नांगर आणि राजदंड, मॉस्कोचा अजगराला मारणारा संत जॉर्ज, कसाचा आकडा, कारागिराची आद्याक्षरे, आणि कस तपासणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरे व त्यांच्याखाली चक्क चार अंकी साल. एवढी सोय असूनही तपासनिसालाच कारागीर समजण्याची चूक मात्र सर्रास होते. मॉस्कोचे तपासनीस व्हिक्टर साविन्कोव्ह यांची आद्याक्षरे १८५५ ते १८८८ एवढ्या काळातल्या असंख्य वस्तूंवर आहेत, आणि त्या सगळ्या वस्तू ‘याच थोर कारागिराच्या’ म्हणून दाखवल्या जातात. ज्या आद्याक्षरांना साल चिकटलेले असते ती तपासनिसाची, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १८९९ पासून शहराचे चिन्ह आणि साल ही दोन्ही गेली आणि सगळ्या साम्राज्यासाठी एकच मुद्रा आली: कोकोश्निक हे उंच, कमानदार पारंपरिक शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचे एका बाजूने दिसणारे मस्तक. १८९९ ते १९०८ या काळात ही स्त्री डावीकडे पाहते आणि तिच्यासोबत विभागाच्या तपासनिसाची सिरिलिक, म्हणजे रशियन लिपीतली, आद्याक्षरे असतात. १९०८ पासून ती उजवीकडे पाहू लागते आणि आद्याक्षरांच्या जागी विभाग दाखवणारे एकच ग्रीक अक्षर येते: सेंट पीटर्सबर्गसाठी अल्फा, मॉस्कोसाठी डेल्टा. एवढे वाचून प्रश्न सुटला असे वाटते, पण चुका होतात त्या याच्या पुढे.

पहिली चूक ‘डावे’ म्हणजे कोणाचे डावे, याची. येथे डावे-उजवे नेहमी पाहणाऱ्याचे धरायचे: मुद्रा सरळ उभी धरली असता नाक आपल्या डाव्या हाताकडे असेल तर ती डावीकडे पाहणारी. पण ‘सरळ उभी’ हेच तर पाहिले जात नाही. चमच्याच्या दांड्यावर छाप कोणत्याही दिशेने मारलेला असतो आणि तो उलटा पाहिला की नाकाची दिशाही उलटते. ८४ हा आकडा आपण ज्यांना इंग्रजी अंक म्हणतो त्यांत कोरलेला असतो. त्यातला आठ उलटा केला तरी आठच दिसतो, म्हणून नजर चारावर ठेवावी. कस ८८ असेल तर आकड्याचा काहीच आधार मिळत नाही, कारण तो दोन्हीकडून सारखाच. आणि ९१ उलटा वाचला तर १६ होतो. अशा वेळी शिरोभूषणाची कमान वर आणि मान खाली येईपर्यंत चमचा फिरवायचा, आणि मगच नाकाची दिशा ठरवायची.

दुसरी चूक छायाचित्रांमुळे होते. मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्याने काढलेले चित्र पुष्कळदा आरशातल्यासारखे उलटून साठवले जाते, आणि त्यात १९०८ नंतरची स्त्री १९०८ पूर्वीची होऊन बसते. देवनागरी असती तर उलटलेली अक्षरे आपल्याला क्षणात खटकली असती. सिरिलिक अनोळखी असल्यामुळे ती खटकत नाहीत. त्यातही गंमत अशी, की सिरिलिक ‘या’ हे उलट्या रोमन ‘आर’सारखे आणि सिरिलिक ‘इ’ हे उलट्या रोमन ‘एन’सारखे दिसते, त्यामुळे उलटलेल्या चित्रातच अक्षरे ओळखीची वाटू लागतात. रशियन छापात सुबक रोमन ‘आर’ किंवा ‘एन’ दिसला, तर आधी चित्र उलटे नाही ना, हे तपासावे.

माझे स्पष्ट मत असे आहे, की दिशेच्या आधी अक्षरे वाचावीत. वर्षानुवर्षे पुसून-घासून चेहरा झिजतो, नाक आणि हनुवटी एकमेकांत मिसळून नुसता एक उंचवटा उरतो आणि त्या उंचवट्यात ज्याला जी दिशा हवी ती दिसू लागते. दोन अक्षरे आहेत की एकच, हे मात्र झिजलेल्या छापातही पुष्कळदा कळते. काही काळापूर्वी एका स्नेह्यांनी ‘१८९९ चे’ म्हणून विकत घेतलेले सहा चहाचे चमचे माझ्यासमोर ठेवले. दहापट भिंगातून, दिव्याचा उजेड बाजूने तिरपा पाडून पाहिल्यावर पाचांवर चेहरा जवळजवळ गेलेला होता, पण सहाव्यावर मस्तकाशेजारी एक छोटा, तळाशी बंद असलेला त्रिकोण स्वच्छ दिसला. तो डेल्टा होता. म्हणजे मॉस्को, आणि १९०८ नंतर. सिरिलिक ‘एल’ही तंबूसारखाच दिसतो, पण तो तळाशी उघडा असतो आणि तेथे एकटा येत नाही.

आद्याक्षरांचा आणखी एक उपयोग आहे. सेंट पीटर्सबर्गला १८९९ पासून १९०३ पर्यंत याकोव्ह ल्यापुनोव्ह हे तपासनीस होते आणि त्यांच्यानंतर १९०८ पर्यंत रिख्तर, त्यामुळे तेथील डावीकडे पाहणाऱ्या मुद्रेचा काळ चार-पाच वर्षांपर्यंत आवळता येतो. मॉस्कोला मात्र संपूर्ण काळ इव्हान लेबेद्किन यांचीच आद्याक्षरे आहेत, त्यामुळे तेथे १८९९ ते १९०८ याहून बारीक उत्तर मुद्रेतून निघत नाही. अशा चमच्याला ‘१९०२ चा’ म्हणणारा माणूस ते साल कोठून आणतो, हे त्याला अवश्य विचारावे.

उजवीकडे पाहणाऱ्या मुद्रेचा काळ आणखी पसरट आहे, आणि माझी खरी तक्रार येथे आहे. १९०८ ते १९२७ या काळात महायुद्ध झाले, क्रांती झाली, सेंट पीटर्सबर्गचे १९१४ साली पेत्रोग्राद आणि १९२४ साली लेनिनग्राद झाले. अल्फा आणि ८४ मात्र तसेच राहिले. म्हणून उजवीकडे पाहणारी स्त्री आणि ८४ एवढ्यावरून ‘झारकालीन’ हा शब्द वापरता येत नाही. तो वापरायचा असेल तर कारागिराच्या किंवा पेढीच्या छापाचा आधार हवा. फाबेर्जे या नामांकित रशियन जवाहिऱ्यांची पेढी १९१८ साली सरकारने ताब्यात घेतली, तेव्हा तिचा खरा छाप या मुद्रेसोबत असेल तर काळ आपोआप १९०८ ते १९१८ असा मर्यादित होतो. मात्र खोटा छाप मारण्यासाठी याच नावाचा सर्वाधिक वापर झालेला आहे, हे विसरू नये.

१९२७ साली रशियन मुद्रा दशमान झाली. स्त्रीच्या जागी हातोडा घेतलेल्या कामगाराचे मस्तक आले आणि ८४ च्या जागी ८७५ आले. तोही उजवीकडेच पाहतो आणि त्याच्यासोबतही ग्रीक अक्षर असते, त्यामुळे झिजलेला कामगार आणि झिजलेली स्त्री यांची गल्लत होते. येथे आकडा वाचावा: दोन अंकी तर १९२७ पूर्वीचा, तीन अंकी तर नंतरचा. १९५८ पासून कोयता-हातोड्याची चांदणी आली. सोव्हिएत काळात शिकायला किंवा कामाला गेलेल्यांनी आपल्याकडे आणलेले काळ्या नक्षीचे चमचे बहुधा या छापाचे असतात. १९९४ पासून पुन्हा उजवीकडे पाहणारी कोकोश्निकवाली स्त्री परतली आहे, पण तीन अंकी आकड्यासह. उजवीकडे पाहणारी स्त्री आणि ९२५ अशी जोडी ‘पुरातन’ म्हणून मिळाली, तर ती वस्तू आपल्या डोळ्यांदेखत घडलेली आहे.

मुलाम्याच्या वस्तूंविषयी थोडक्यात. वॉर्सा तेव्हा रशियन साम्राज्यात होते आणि तेथील फ्राजे पेढीच्या चांदीचा मुलामा दिलेल्या काट्या-चमच्यांवर दुहेरी मस्तकाचा गरुड असतो. तो राजचिन्ह आहे, कसाची ग्वाही नव्हे. सोव्हिएत चमच्यांवरची ‘एम-एन-त्स’ ही सिरिलिक अक्षरे तांबे, निकेल आणि जस्त यांची आहेत. त्या मिश्रधातूत चांदी नसते.

छाप वाचण्यापूर्वी चमचा घासू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे राख, रांगोळी किंवा टूथपेस्ट लावून चांदी लख्ख करण्याची सवय आहे, आणि मुद्रेचे नाक सर्वांत आधी जाते ते त्यातच. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ कापड पुरे. खाचांत उरलेला काळेपणा तर अक्षरे वाचायला मदतच करतो. आणि बारा नगांचा संच असेल तर बाराही नग वेगवेगळे वाचावेत, कारण हरवलेल्या चमच्याच्या जागी नंतर करून घेतलेला चमचा अशा संचांत नेहमी सापडतो, आणि तेव्हा एकाच पेटीत काही स्त्रिया डावीकडे आणि काही उजवीकडे पाहत असतात. सुऱ्यांच्या बाबतीत छाप मुठीवर शोधावा. पाते पोलादाचे असते आणि ते बदललेले असू शकते, म्हणून त्यावरच्या नावावरून मुठीचा काळ ठरवू नये.