रिग्ली फील्डवर दिवे लागायला ७४ वर्षं का लागली

८ ऑगस्ट १९८८ च्या संध्याकाळी शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या मैदानावर ९१ वर्षांच्या एका जुन्या चाहत्याने कळ दाबली आणि छपरावरचे दिवे लागले. नऊपैकी साडेतीन इनिंग (डाव) झाल्या आणि असा पाऊस कोसळला की सामनाच रद्द करावा लागला. इथे खेळणाऱ्या शिकागो कब्स या संघाचा घरच्या मैदानावरचा पहिला रात्रीचा सामना म्हणून नोंद झाली ती दुसऱ्या दिवसाची. त्या रात्री त्यांनी न्यूयॉर्क मेट्सला ६-४ असं हरवलं.

मैदान १९१४ चं. उपाहारगृहांची साखळी चालवणारे चार्ल्स वीगमन यांनी आपल्या फेडरल लीगच्या संघासाठी ते बांधलं. ती लीग दोनच हंगाम टिकली. मग वीगमन यांनी भागीदारांसह कब्स विकत घेतला आणि १९१६ मध्ये संघ इथे आणला. त्या भागीदारांपैकी एक, च्युइंगगमचे व्यापारी विल्यम रिग्ली, पुढे मालक झाले. त्यांचंच नाव मैदानाला मिळालं.

मैदानाच्या चारी बाजूंना रस्ते आणि रस्त्यापलीकडे माणसं राहतात ती घरं. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण दिव्यांचं सगळं भांडण तिथूनच उभं राहिलं. शेफील्ड आणि वेव्हलँड रस्त्यांवरच्या घरांच्या गच्च्यांवर बसून लोक वर्षानुवर्षं सामने पाहत आले. सामना संपला की धावफलकावर झेंडा चढतो. पांढऱ्यावर निळा ‘डब्ल्यू’ दिसला म्हणजे जिंकलो, निळ्यावर पांढरा ‘एल’ म्हणजे हरलो. जवळून जाणाऱ्या गाडीतल्या माणसालाही खिडकीतून निकाल कळतो.

तो धावफलक आणि विटांच्या भिंतीवरचे वेल, दोन्ही १९३७ चे. वेल लावले कब्सचे तेव्हाचे कर्मचारी बिल वीक यांनी. आजही चेंडू पानांत अडकला की क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दुसऱ्या बेसवर थांबावं लागतं. धावफलकावरचे आकडे आत बसलेली माणसं अजून हातानेच बदलतात.

मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च दर्जाच्या बेसबॉलचा, पहिला रात्रीचा सामना १९३५ मध्ये सिनसिनाटीत झाला. विल्यम यांचा मुलगा फिलिप रिग्ली यांनीही १९४१ मध्ये दिव्यांचं सामान आणवलं होतं. डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि ते सगळं सामान त्यांनी युद्धकार्याला देऊन टाकलं. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. याच फिलिप रिग्लींनी महिलांची व्यावसायिक बेसबॉल लीग सुरू केली आणि १ जुलै १९४३ ला तात्पुरत्या दिव्यांखाली महिला खेळाडूंचा सामना इथेच झाला. पुरुषांच्या ४५ वर्षं आधी!

१९४८ पर्यंत बाकी प्रत्येक संघाच्या मैदानावर दिवे आले. रिग्ली मात्र ‘बेसबॉल उन्हातच’ म्हणत राहिले. १९८१ मध्ये वृत्तपत्र आणि टीव्ही वाहिनी चालवणाऱ्या ट्रिब्यून कंपनीने संघ विकत घेतला तेव्हा टीव्हीच्या प्रेक्षकांसाठी रात्रीचे सामने हवेच होते. पण आजूबाजूचे रहिवासी हटून बसले. त्यांनी ‘सिटिझन्स युनायटेड फॉर बेसबॉल इन सनशाइन’ नावाची संघटना काढली. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की होतं ‘कब्स’. आधी राज्याने आणि मग शहराने नियम करून रात्रीचे सामने अडवले. मला त्या रहिवाशांचं म्हणणं पटतं. खिडकीखाली मध्यरात्रीपर्यंत हजारोंची गर्दी कुणाला हवी असेल? १९८४ मध्ये कब्स बाद फेरीत पोहोचला आणि पेच वाढला, कारण तिथले सामने टीव्हीसाठी रात्रीच हवे होते. दिव्यांशिवाय ते सामने दुसरीकडे हलवावे लागतील, असा इशारा पुढे मिळाला. अखेर १९८८ मध्ये तडजोड झाली आणि हंगामात रात्रीचे मोजकेच सामने ठरले.

२२ ऑक्टोबर २०१६ ला, रात्री, याच दिव्यांखाली कब्सने लॉस एंजेलिस डॉजर्सला हरवून १९४५ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, गाठली. १९०८ नंतरचं पहिलं विजेतेपद मात्र क्लीव्हलँडमध्ये मिळालं. त्या दिवसांत लोक खडू घेऊन रिग्ली फील्डच्या बाहेरच्या भिंतीपाशी येत होते. एकेका विटेवर आजीचं, वडिलांचं, काकाचं नाव लिहीत होते. ज्यांनी आयुष्यभर इथे उन्हात बसून सामने पाहिले आणि हा दिवस पाहायला जे राहिले नाहीत, त्यांची ती नावं. हात पोहोचेल तिथपर्यंत भिंत भरली, तेव्हा माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढून वरच्या विटांवर लिहू लागली.