पानओव्याचा वास नेमकं काय करतो?

पानओवा कुंडीत वाढतो, त्याच्या पानांची भजी होतात आणि खोकला झाला की रसही काढला जातो. मसाल्याच्या डब्यातल्या ओव्याशी मात्र त्याचं जवळचं नातं नाही. ओवा जिरे-कोथिंबिरीच्या कुळातला, तर पानओवा पुदिना-तुळशीच्या. तरी दोघांचा वास इतका सारखा कसा? त्यांच्या तेलात थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही भावंडं कमी-अधिक प्रमाणात असतात, म्हणून. दोन्ही रेणूंत दहा कार्बन, चौदा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. फरक फक्त ऑक्सिजन कुठे जोडलाय याचा. पिझ्झावरच्या ओरेगॅनोचा वासही बहुतेक याच कार्व्हाक्रॉलचा.

हे तेल पानावरच्या लवेतल्या बारीक ग्रंथींत साठलेलं असतं. पान चुरडलं की त्या फुटतात.

आता जिवाणूंचं काय होतं ते पाहू. जिवाणूच्या पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचं पातळ पटल असतं. हे रेणू पाण्यापेक्षा तेलात सहज मिसळतात, त्यामुळे ते या पटलात घुसतात आणि ते गळकं होतं. आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, ऊर्जा तयार करण्याची यंत्रणा कोलमडते. यात रेणूवरच्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा वाटा मोठा आहे. जवळजवळ तसाच दिसणारा, पण ही जोडी नसलेला सायमीन हा रेणू बराच दुबळा ठरतो. सगळेच जिवाणू सारखे बळी पडत नाहीत, हेही खरं. स्यूडोमोनाससारख्यांना बाहेरून आणखी एक पटल असतं आणि ते चिवट निघतात.

‘पानओवा जिवाणू मारतो’ हे वाक्य प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीपुरतं बरोबर आहे. मला खटकतं ते त्यावरून थेट ‘नैसर्गिक अँटिबायोटिक’ म्हणणं. जिवाणूंची वाढ थांबवायला कार्व्हाक्रॉल साधारणपणे दर मिलिलिटरला शेकडो मायक्रोग्रॅम लागतं. चांगल्या अँटिबायोटिकचं काम कित्येकदा एक-दोन मायक्रोग्रॅममध्ये भागतं. शिवाय गिळलेलं थायमॉल रक्तात जवळपास तसंच्या तसं पोचत नाही. आतडं आणि यकृत त्याला सल्फेट वगैरे जोडून लघवीवाटे बाहेर घालवतात. काढ्याने घशाला बरं वाटेल, न्यूमोनिया बरा होणार नाही.

जिथे रेणू आणि जिवाणू समोरासमोर येतात, तिथे मात्र त्याचा उपयोग होतो. दातांवरचा थर कमी करणाऱ्या काही माउथवॉशमध्ये ०.०६४ टक्के थायमॉल असतं, सोबत मेंथॉल आणि निलगिरीच्या तेलातलं युकॅलिप्टॉल. चूळ भरायची आणि थुंकायची. यकृताचा संबंधच येत नाही.