पॅटिना (जुन्या अमेरिकन आलिशान गाड्या)

मूळ रंग, मूळ क्रोम आणि मूळ आसने न बदलता गाडी अनेक दशके वापरली, की ऊन, पाऊस आणि माणसांचे हात यांनी तिच्या अंगावर जी झीज उमटते, तिला जुन्या गाड्यांचे शौकीन ‘पॅटिना’ म्हणतात. नव्याने रंगवून प्रदर्शनात उभ्या केलेल्या गाड्यांपेक्षा रस्त्याकडेला लावलेली अशी गाडी त्यांतल्या अनेकांना जास्त मोलाची वाटते.

१९६१ ते १९६९ या काळातली लिंकन कॉन्टिनेंटल ही फोर्ड कंपनीच्या आलिशान लिंकन विभागाची गाडी हे याचे उत्तम उदाहरण. फोर्डचे आरेखनकार एलवुड एंगेल यांनी हा आराखडा मुळात फोर्ड थंडरबर्डसाठी केला होता. लिंकन विभाग तेव्हा तोट्यात होता. फोर्डचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅकनमारा यांनी तो आराखडा पाहिला आणि त्याची चार दारांची लिंकन करायला लावली. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर आधीच्या १३१ इंचांवरून १२३ इंचांवर आले, मागच्या दारांच्या बिजागऱ्या मागे गेल्या, शेपटीचे पंख गळाले. उरल्या त्या सपाट बाजू आणि मडगार्डच्या माथ्यावरून पुढून मागे धावणारी क्रोमची एक बारीक पट्टी. सौंदर्य सजावटीत नसून आकारात असल्यामुळे रंग विटला तरी ही गाडी देखणीच राहते. पंख आणि क्रोमने मढवलेल्या तिच्या समकालीन गाड्या झिजल्यावर केविलवाण्या दिसतात. हिचे तसे होत नाही.

त्या काळात रंगावर आजच्यासारखा पारदर्शक थर नसे. ऊन थेट रंगद्रव्यावर पडे. त्यामुळे बॉनेट, टप आणि डिकीचे झाकण आधी खडूसारखे पांढुरके होते, पुढे कडांवर रंग संपून प्रायमर आणि शेवटी पत्रा उघडा पडतो. उभ्या बाजूंचा रंग त्या मानाने टिकतो. जस्ताच्या ओतीव भागांवरच्या क्रोमला बारीक फोड येतात. आत चालकाच्या आसनाचे कातडे दाराकडच्या कडेला आधी तडकते, कारण चढता-उतरताना रोज तिथेच घासले जाते.

झीज कुठली आहे यावरून गाडीचा मुलूखही ओळखता येतो. डेट्रॉइट, शिकागोकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथे चाकांच्या कमानी आणि दारांखालचा पत्रा खालून सडतो. या लिंकनला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते, म्हणून तिथला गंज जिवावर बेततो. दक्षिण कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात उलटे घडते: रंग करपतो, डॅशबोर्ड तडकतो, रबर वाळते, पण पत्रा शाबूत राहतो. शिवाय कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धूर-तपासणीतून सूट आहे. तिथल्या रस्त्यांवर अशी गाडी अजून भेटते ती या दोन्ही कारणांनी.

भेटते ती बहुधा बंद टपाची. चार दारांची उघडी आवृत्ती १९६७ पर्यंतच निघाली, मुळात कमी खपली, आणि तिचा टप डिकीत दुमडणारी मोटारी, हायड्रॉलिक पंप आणि रिले (विजेवर चालणारी बटणे) यांची यंत्रणा सांभाळणे महागात पडते. याच गाडीवरून बनवलेली अध्यक्ष केनेडी यांची लांब केलेली गाडी डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

पॅटिनाला मोल आल्यावर नकली पॅटिनाही आला. नवा रंग पॉलिश-कागदाने खरवडून किंवा पत्र्यावर आम्ल लावून तो करतात. ओळखायची खूण म्हणजे दाराची आतली चौकट. तिथे ऊन पोहोचत नाही, त्यामुळे अस्सल गाडीत तिथला रंग बाहेरच्यापेक्षा ताजा असतो. आतबाहेर सारखीच झीज दिसली, तर संशय घ्यावा. पुट्टीने भरलेला पोचा किंवा अर्धवट रंगवलेले दार यांना पॅटिना म्हणणे चूक आहे. ती अपुरी दुरुस्ती होय.

झीज जपायची की पुसायची, यावर गाडीवाल्यांत एकमत नाही. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका मूळ अवस्थेतल्या गाड्यांना वेगळ्या वर्गात मान देतो, आणि हे योग्यच आहे. एकदा खरवडून काढलेला कारखान्याचा रंग परत आणता येत नाही. मात्र ब्रेक, टायर, इंधनाच्या नळ्या आणि भार पेलणारा पत्रा यांत जुनेपणाचे कौतुक चालत नाही; ते बदलावेच. झीज गोठवण्यासाठी काही जण वरून पारदर्शक लॅकर मारतात. त्याने गाडीला ओली, परकी चमक येते आणि थराखाली ओल अडकली तर गंज आतून वाढतो. सौम्य साबणाने धुऊन मेण लावणे आणि गाडी आडोशाला ठेवणे त्याहून चांगले.