हळदीचा आजचा दर किती?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे संपले की थोड्याच वेळात मोबाइलवर तीन आकडे फिरू लागतात: किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. बी.कॉम.ला बिझनेस स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्या मुलामुलींना यातला तिसरा आकडा कसा काढतात ते विचारून बघा. पुष्कळदा उत्तर येतं, "किमान आणि कमाल यांची बेरीज भागिले दोन." ते बरोबर नाही. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या बाजारभावांच्या संकेतस्थळावर याच रकान्याला मोडल प्राइस म्हणतात, म्हणजे त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या दराच्या आसपास विकला गेला तो दर. शाळेत दहावीला शिकलेलं बहुलक ते हेच. परीक्षेत चार गुणांचं गणित सोडवून आपण ज्याला निरोप दिलेला असतो, तो बहुलक इथे रोज शेतकऱ्याच्या मोबाइलवर येऊन बसतो.

हे जरा आकड्यांत पाहू. समजा, एका अडतीत एका दिवशी हळदीचे सात लॉट विकले गेले. क्विंटलचे दर असे: 11,800, 12,200, 12,500, 12,500, 13,000, 14,000 आणि शेवटचा, एकदम उजव्या रंगाचा, पॉलिश केलेल्या जाड हळकुंडांचा लॉट 22,000. (हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले आहेत, कोणत्याही दिवसाचे खरे दर नव्हेत.) बेरीज 98,000. भागिले सात, म्हणजे सरासरी 14,000 रुपये.

आता सात लॉटांकडे पुन्हा बघा. पाच लॉट 14,000 च्या खाली गेले, एक बरोबर 14,000 ला आणि एकच वर. "आज सरासरी 14,000 नं हळद गेली" हे वाक्य गणिताने खरं आहे, पण ते ऐकून उद्या गाडी भरून आणणाऱ्या शेतकऱ्याची घोर निराशा होईल. दर चढत्या क्रमाने लावले तर मधला, म्हणजे चौथा दर 12,500 आहे. हा मध्यक. बहुलकही 12,500. शेवटचा लॉट 22,000 ऐवजी 30,000 ला गेला असता तरी हे दोन्ही आकडे जागचे हलले नसते. सरासरी मात्र लगेच 1,100 रुपयांहून जास्त वर सरकली असती.

म्हणजे सरासरी वाईट का? मुळीच नाही. आपण ती चुकीच्या पद्धतीने काढली. सात लॉट सारखे धरले, पण माल सारखा नव्हता. समजा, वरच्याच क्रमाने माल 30, 40, 50, 45, 20, 10 आणि 5 क्विंटल होता. प्रत्येक दराला त्याच्या मालाने गुणायचं, सगळ्याची बेरीज करायची आणि एकूण 200 क्विंटलने भागायचं. बेरीज येते 25,39,500 रुपये, आणि भारित सरासरी 12,697 रुपये 50 पैसे. दोन सरासऱ्यांत क्विंटलमागे तेराशे रुपयांहून जास्त फरक! 40 क्विंटल हळद असलेल्या घरासाठी ही रक्कम 52,100 रुपये होते. सेस, म्हणजे बाजार फी, किती जमेल याचा अंदाज बाजार समितीला बांधायचा असेल, किंवा दिवसभराची उलाढाल मांडायची असेल, तर हीच भारित सरासरी लागते. शेतकऱ्याला आपल्या मालाचा अंदाज घ्यायचा असेल तर बहुलक किंवा मध्यक. या विषयाची सूत्रं आठवडाभरात पाठ होतात. कोणाच्या प्रश्नाला कोणता आकडा उत्तर देतो हे ओळखायला मात्र वेळ लागतो, आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याची खरी किंमत तिथेच ठरते असं मला वाटतं.

आता पसरण, म्हणजे दर किती विखुरलेले आहेत ते. प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, हे नाव इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी 1894 च्या लेखातून रूढ केलं. कृती सोपी आहे: प्रत्येक दर सरासरीपासून किती लांब आहे ते काढायचं, त्या अंतरांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी काढायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. आपल्या सात लॉटांसाठी ते सुमारे 3,329 रुपये येतं. वर्ग का करायचे, याचं उत्तर वर्गात बहुधा "उणे चिन्ह जावं म्हणून" एवढंच मिळतं. त्यामुळे होणारा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे. लांबचा आकडा वर्ग केल्यावर अफाट मोठा होतो. इथे सातही वर्गांच्या बेरजेतला 82 टक्क्यांहून अधिक वाटा त्या एकट्या 22,000 च्या लॉटचा आहे. तो बाजूला ठेवून उरलेल्या सहा लॉटांचं प्रमाण विचलन काढलं तर ते सुमारे 697 वर येतं. एका लॉटनं बाजार जवळपास पाचपट अस्थिर दिसू लागला होता. अशा वेळी तो आकडा खोडून टाकायचा नसतो. त्याची चौकशी करायची असते: माल वेगळ्या प्रतीचा होता, की लिहिताना चूक झाली?

पसरणीची तुलना करताना आणखी एक अडचण येते, आणि सांगलीत ती रोजची आहे. हळद क्विंटलवर विकली जाते, बेदाणा किलोवर. समजा, बेदाण्याची सरासरी किलोला 150 रुपये आणि प्रमाण विचलन 30 रुपये आहे. 697 हा आकडा 30 पेक्षा मोठा म्हणून हळदीचा दर जास्त हलता, असं म्हणायचं का? एककं वेगळी, पातळी वेगळी, तुलना होणार कशी? म्हणून प्रमाण विचलनाला सरासरीने भागून टक्क्यांत मांडतात. त्याला विचरण गुणांक म्हणतात. हळदीच्या सहा लॉटांचा येतो साडेपाच टक्के, बेदाण्याचा 20 टक्के. चित्र पार उलटलं. आणि बेदाण्याचे दर इतके पसरलेले का, हे तासगावच्या सौद्यात उभं राहिलं की कळतं: हिरवा, पिवळा आणि काळा बेदाणा एकाच यादीत असतो. तीन वेगळे बाजार एका रकान्यात कोंबले की पसरण वाढणारच. त्यावर उपाय सूत्रात नाही, वर्गवारीत आहे.

हीच गोष्ट शेजारच्या साताऱ्यात पाऊस शिकवतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आतबाहेर असतो. दोन्ही ठिकाणी मिळून सातारा जिल्ह्याची पावसाची सरासरी काढता येते, छापताही येते. पण त्या सरासरीएवढा पाऊस ना महाबळेश्वरात पडतो ना माणमधल्या दहिवडीत. ट्रॅक्टर किंवा ठिबक संच विकणाऱ्या कंपनीनं जिल्ह्याच्या सरासरीवर विक्रीचा आराखडा बेतला, तर तिचा माल चुकीच्या तालुक्यात पडून राहील.

टक्केवारीबद्दल थोडंच सांगतो, कारण तिथे फसगत लवकर लक्षात येते. 12,000 चा दर 25 टक्के वाढला, 15,000 झाला. मग 25 टक्के उतरला. तो 12,000 वर येत नाही, 11,250 वर येतो, कारण दुसऱ्यांदा 25 टक्के मोठ्या रकमेचे आहेत. महागाई भत्ता ठरवणारा निर्देशांक वाचतानाही पहिला प्रश्न हाच, की पाया कोणतं वर्ष. सहसंबंधाचंही, म्हणजे दोन गोष्टी किती सोबतीनं वाढतात-घटतात याचंही, तसंच. फेब्रुवारीनंतर सांगलीत हळदीची आवक वाढते आणि बेदाण्याचीही वाढते. दोन्हींचा सहसंबंध गुणांक काढला तर तो चांगला वरचा येईल. पण हळदीमुळे बेदाणा येत नाही. दोघांचा हंगाम एक आहे, एवढंच.

संभाव्यतेचा धडा मात्र सांगलीकरांनी पुस्तकाबाहेर शिकलेला आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. गणपती पेठेतल्या व्यापाऱ्याला नदीची वर्षभराची सरासरी पातळी सांगून काय उपयोग? त्याला माल कोणत्या उंचीवर ठेवायचा ते ठरवायचं आहे, आणि त्यासाठी प्रत्येक वर्षाची फक्त कमाल पातळी घेऊन तिचा अभ्यास करावा लागतो. अशा अभ्यासातून "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" ही भाषा येते, आणि तिचा अर्थ सर्रास चुकीचा लावला जातो. एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत, असा तो नाही. दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता एक टक्का, असा आहे. यंदा न येण्याची शक्यता 0.99. सलग 30 वर्षं न येण्याची शक्यता 0.99 चा तिसावा घात, म्हणजे सुमारे 0.74. म्हणजे 30 वर्षं चालवायच्या गोदामाच्या आयुष्यात तसा पूर एकदा तरी येण्याची शक्यता 26 टक्के. चारात एक! विम्याचा हप्ता जास्त वाटतो म्हणून तो टाळणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. 2005, 2019 आणि 2021 चं पाणी ज्यांनी दुकानात पाहिलं आहे, त्यांना तो पटवून द्यावा लागत नाही.

आणि आता नमुना. इथे साताऱ्याच्या एका संख्याशास्त्रज्ञाचं नाव प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म 1911 चा, खटाव तालुक्यातल्या बुध गावचा. हा भाग पर्जन्यछायेतला. फर्ग्युसन कॉलेजातून ते लंडनला गेले, 1936 मध्ये पीएच.डी. झाले आणि परत आल्यावर भारतीय कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पादनाचा अंदाज बांधण्याचं काम उभं केलं. पुढे रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे ते संचालक होते.

प्रश्न असा होता: जिल्ह्यात ज्वारी किती पिकली ते प्रत्येक शेत न मोजता कसं सांगायचं? यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, गावं निवडायची, गावातून शेतं निवडायची, शेतात एक तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापून वजन करायचं. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात. तुकडा केवढा असावा यावर त्या काळी मोठा वाद झाला. दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पद्धतीत तुकडे लहान असत. खर्च कमी, वेळ कमी. सुखात्म्यांनी प्रयोगांतून दाखवलं की फार लहान तुकड्यांतून उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण कडेला आहे. रेषेवरचं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणारा माणूस ते आत ओढतो. तुकडा लहान असला की क्षेत्रफळाच्या मानाने कड मोठी होते, म्हणून ही चूकही मोठी होते. महत्त्वाचं असं की नमुने वाढवून ती जात नाही. हजार लहान तुकडे घेतले तरी हजारही तुकडे एकाच बाजूला चुकतात. ऑनलाइन सर्वेक्षणात लाखभर उत्तरं आली म्हणून कोणी खूश होत असेल, तर त्याला हा 1940 च्या दशकातला निकाल जरूर सांगा.

पीक कापणी प्रयोग आजही चालू आहेत. गावाची पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा अंदाज, त्यांवर ठरते, आणि पंतप्रधान पीक विमा योजनेत महसूल मंडळाचं सरासरी उत्पादनही. विम्यात भरपाई मिळण्यासाठी यंदाचं उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या खाली जावं लागतं. उंबरठा काढताना मागच्या सात वर्षांतली सर्वांत चांगली पाच वर्षं घेऊन त्यांची सरासरी काढतात आणि तिला ठरलेल्या जोखीमस्तराने गुणतात. समजा, जत किंवा माणकडच्या एखाद्या मंडळात ज्वारीचं हेक्टरी उत्पादन सात वर्षांत 12, 3, 10, 11, 4, 9 आणि 13 क्विंटल होतं. सातही वर्षांची सरासरी 8.86. चांगल्या पाच वर्षांची सरासरी 11. जोखीमस्तर 70 टक्के धरला तर पहिल्या रीतीने उंबरठा येतो 6.2 क्विंटल आणि दुसऱ्या रीतीने 7.7. यंदा 7 क्विंटल पिकलं. 7.7 च्या हिशेबाने तूट नऊ टक्क्यांची, म्हणजे 50,000 च्या विमा रकमेवर सुमारे 4,545 रुपये भरपाई. दुष्काळाची ती दोन वर्षं सरासरीत राहू दिली असती, तर त्याच नोंदींवर त्याच शेतकऱ्याला एक रुपयाही मिळाला नसता.